हाताच्या मॅडम

डॉक्टर जयमालांनी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी एमबीएला प्रवेश घेतला, तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी, आक्काबाईंनी एवढंच विचारलं, "आन् ह्ये कशापायी? हात शिवायला कमी पडत्यात व्हय?"

हात कमी पडत नव्हते. मोशीहून चाकणकडे जाताना, कुरुळी फाट्याच्या अलीकडे त्यांचं हॉस्पिटल होतं. आजूबाजूला कारखानेच कारखाने. यंत्रात सापडलेली बोटं, चेपलेले पंजे, मनगटापासून सुटलेले हात, सगळं त्यांच्याकडे यायचं. सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या रक्तवाहिन्या जोडायच्या आणि तुटून आलेलं बोट पुन्हा जिवंत करायचं हे त्यांचं काम. त्या भागात त्यांच्याइतका हातखंडा कुणाचाच नव्हता. कामगार त्यांना 'हाताच्या मॅडम' म्हणत.

अडचण वेगळीच होती. हॉस्पिटल उभं केलं त्यांच्या यजमानांनी, डॉक्टर सयाजीरावांनी, आक्काबाईंच्या नावावरच्या जमिनीवर. व्यवहार सगळा तेच बघत. काही वर्षांपूर्वी ते अचानक गेले आणि कारभार धाकट्या दिराकडे, सुजितकडे आला. सुजित हुशार, धडपड्या, बोलायला गोड. त्यानं बघता बघता हॉस्पिटलवर दोन मजले चढवले. जयमालाबाईंनी काही विचारलं की तो हसून म्हणायचा, "वहिनी, तुम्ही ऑपरेशनं बघा. बाकीचं माझ्यावर सोडा."

सुरुवातीला त्यांना ते बरंच वाटलं. मग एकदा मुंबईहून काही लोक बोलणी करायला आले. त्यांच्याच हॉस्पिटलबद्दल त्यांच्यासमोर तासभर बोलणं चाललं होतं आणि त्यातलं निम्मंअधिक त्यांच्या डोक्यावरून जात होतं. चहा सांगायला तेवढं त्यांच्याकडे पाहिलं गेलं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, हे शिकायचं.

चिंचवड स्टेशनजवळच्या एका संस्थेत नोकरदार मंडळींसाठी शनिवार-रविवार वर्ग भरत. वर्गातली बहुतेक माणसं पस्तिशी-चाळिशीची, कारखान्यांतली नाहीतर हिंजवडीच्या आयटीतली. शिकवणाऱ्या प्राध्यापक तेजस्विनी तर जयमालाबाईंपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी बाकावर बसताना बाईंना शाळेत पालकसभेला आल्यासारखं वाटलं. लॅपटॉपवरचे तक्ते जमेनात. ताळेबंदाच्या पहिल्या तासाला त्या इतक्या गोंधळल्या की मधल्या सुट्टीत सरळ घरी जायला निघाल्या होत्या.

त्यांना थांबवलं रणजीतनं. रणजीत चाकणच्या एका पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा प्लांट हेड. मूळचा मारुंजीचा. घरची जमीन इमारतींखाली गेली, पण ह्यानं इंजिनिअरिंग करून स्वतःच्या हिमतीवर नोकरीत नाव काढलं होतं. "मॅडम, असं कुठं जाता राव!" तो म्हणाला. "तुम्ही बोटाची नस जोडता. हे तर नुसतं बेरीज-वजाबाकीचं काम आहे. बसा, मी सांगतो." आणि खरंच, कँटीनमध्ये वडापाव खात त्यानं कागदाच्या प्लेटवर आकडे मांडून सगळं समजावलं. तेव्हापासून दोघं शेजारी बसत. रणजीतच्या आईच्या मनगटाचं दुखणं जयमालाबाईंनी बरं केलं. वर्गात एकमेकांची चेष्टा करण्याइतकी मैत्री झाली.

डिसेंबरात तेजस्विनी मॅडमनी सगळ्यांना एक काम दिलं. आपापल्या नोकरीतला असा एक निर्णय वर्गापुढे मांडायचा, ज्याचा आपल्याला अभिमान वाटतो. "मोकळेपणानं बोला," त्या म्हणाल्या. "इथलं बोलणं इथंच राहील."

रणजीतचा नंबर आला तो शनिवार. जेवण नुकतंच झालेलं, वर्ग सुस्तावलेला. रणजीतनं इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता. तो छान बोलायचा.

"आमच्याकडे प्रेसची लाइन आहे," त्यानं सुरुवात केली. "पत्रा ठेवायचा, प्रेस खाली येतो, पत्र्याला आकार देतो, वर जातो. त्या प्रेसच्या तोंडाशी एक सेन्सर असतो. दिसत नाही, पण उजेडाच्या किरणांचा पडदा असतो समजा. कामगाराचा हात त्या पडद्यात आला की प्रेस जागच्या जागी थांबतो. चांगली गोष्ट आहे. पण आमचा प्रॉब्लेम असा, की तेलाचा थेंब आला तरी थांबतो, धूळ आली तरी थांबतो. दिवसभर नुसतं थांबतोय. माल वेळेवर जाईना. मोठी ऑर्डर हातातून जायची वेळ आली."

पुढच्या बाकावरचे कारखान्यातले दोघं-तिघं ओळखीचं हसले.

"मग आम्ही विचार केला," रणजीत पुढे म्हणाला. "सेन्सर मेंटेनन्स मोडवर टाकला. म्हणजे आहे जागेवर, पण अडवत नाही. लाइन पळायला लागली. आता तुम्ही विचाराल, रिस्कचं काय? रिस्क आहेच. नाही म्हणत नाही. पण रिस्क काही फुकट सोडली नाही आम्ही. कारखान्यापासून अगदी जवळ देशातलं एक नंबरचं हाताचं हॉस्पिटल आहे. त्यांच्याशी टाय-अप केला. आमच्या गेटवर त्यांची ॲम्ब्युलन्स उभी. तुटलेलं बोट कसं गुंडाळायचं, बर्फात कसं ठेवायचं, हे आमच्या सुपरवायझरना त्यांनीच शिकवलं. माणूस पोचेपर्यंत ऑपरेशनची तयारी झालेली असते. आतापर्यंत एकाही माणसाला कायमचं घरी बसावं लागलेलं नाही. ऑर्डर वाचली, लाइन वाढली, अडीचशे पोरांना नवीन काम मिळालं."

मागच्या पडद्यावर नकाशा आला. एक लाल ठिपका कारखान्याचा, एक हिरवा ठिपका हॉस्पिटलचा. जयमालाबाई त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. रस्त्याचं ते वळण, तो फाटा, मागचा ओढा. स्वतःचं घर वरून पाहिल्यावर ओळखायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ लागला.

"आणि मित्रहो," रणजीतनं त्यांच्याकडे हात केला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. "हा निर्णय ज्यांच्या भरवशावर घेतला, त्या सर्जन आज आपल्याच वर्गात बसल्यात. डॉक्टर जयमाला मॅडम! त्यांच्यासाठी एकदा टाळ्या झाल्या पाहिजेत!"

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. शेजारच्या एकीनं त्यांचा खांदा थोपटला. कुणीतरी "वा मॅडम" म्हणालं.

जयमालाबाई उठल्या नाहीत, हसल्या नाहीत. अपघात झालेली माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. तुटलेला हात रुमालात धरून शांतपणे आपलं नाव-गाव सांगणारी. त्यांना तेव्हा काही दुखत नसतं. तसंच त्यांना झालं होतं. टाळ्या ऐकू येत होत्या, तेजस्विनी मॅडम काहीतरी विचारत होत्या, "दुसरा पर्याय काय होता?" असं काहीसं, आणि रणजीत चांगलं उत्तर देत होता. पण तो आवाज लांबच्या खोलीतून आल्यासारखा. त्यांच्या डोळ्यांपुढे हात येत होते. गेल्या दोन वर्षांत बोटांचे रुग्ण खूप वाढले होते. कारखाने वाढले, माणसं वाढली, म्हणून अपघात वाढले, असं त्या धरून चालल्या होत्या. एवढ्या केसेस हाताखालून गेल्या म्हणून परिषदेत त्यांचा सत्कार झाला होता.

वर्ग सुटल्यावर त्यांनी रणजीतला पार्किंगमध्ये गाठलं.

"सेन्सर बंद ठेवलाय, हे मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

रणजीत चपापला. "मॅडम, तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं... अहो, ही सगळी आयडिया सुजित सरांचीच. तेच आले होते आमच्याकडे. म्हणाले, तुम्ही मशीन चालवा, हातांची काळजी आमच्यावर सोडा."

"आणखी कुठल्या कंपन्यांत गेला होता तो?"

"आमच्या आसपासच्या बऱ्याच जणांकडे." रणजीतनं गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "मॅडम, तुम्ही रागावलात का? मी तर तुमचं कौतुक केलं राव."

त्याचं म्हणणं खरं होतं. त्यानं कौतुकच केलं होतं. हेच त्यांना पचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. वर्गाला दांडी मारून जयमालाबाई सकाळीच हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर, जिथं सगळं कुटुंब राहायचं, तिथं सुजितची वाट बघत बसल्या. आक्काबाई खिडकीशी पावटा सोलत होत्या. सुजित नाश्त्याला आला तसं त्यांनी कालचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "हे खरं आहे?"

सुजितनं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "खरं आहे वहिनी. पण सेन्सर मी बंद केलेत का? मी नव्हतो तेव्हाही बंदच होते. तुम्हाला वाटतं, चाकणला एकट्या रणजीतच्या कंपनीत बंद असतात? मी एवढंच म्हटलं की, अपघात होणारच असतील तर निदान पेशंट चांगल्या ठिकाणी यावा. पूर्वी काय व्हायचं? कुठल्यातरी दवाखान्यात न्यायचे, सरळ बोट छाटून टाके घालायचे. आता बोटं वाचतायत. तुमच्यामुळं वाचतायत."

"आणि पोलिसांना खबर? कारखान्यातला अपघात कळवायचा असतो आपण."

सुजितनं पोह्यांत चमचा फिरवला. "ते कंपनी बघते त्यांचं त्यांचं."

"म्हणजे कळवत नाही."

तो पोहे खात राहिला.

"म्हणजे गेली दोन वर्षं," त्या हळूहळू, शब्द जुळवत म्हणाल्या, "मी जोडलेलं एकही बोट कागदोपत्री कुठं तुटलंच नाही."

"वहिनी, तुम्ही हे बंद केलंत तर ते लोक दुसरीकडे जातील. बोटं तुटायची थांबणार नाहीत, जोडायची थांबतील. मग सांगा, चूक कुठं झाली?"

वर्गात जयमालाबाई जे शिकत होत्या, त्या हिशेबानं सुजितचं बोलणं बिनचूक होतं.

आक्काबाईंनी सोललेल्या पावट्याची परात बाजूला सरकवली. त्या फारशा बोलत नसत. "त्या पोरान्ला ठावं हाय का?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?" सुजित म्हणाला.

"ज्यांची बोटं जात्यात त्यान्ला. सेन्सर का काय त्ये बंद हाय म्हून."

सुजित हात धुवायला उठला.

संध्याकाळी जयमालाबाई कुरुळीत गेल्या. त्यांच्या एका पेशंटची खोली त्यांना माहीत होती. निशिगंधा तिचं नाव. हिंगोलीकडची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, नवऱ्याबरोबर कामाला आलेली. रणजीतच्याच कारखान्यात प्रेसवर होती. दिवाळीनंतर उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट तुटून आलं होतं. दोन्ही जोडली गेली होती. चाळीतल्या एका खोलीत ती डाव्या हातानं भाकरी थापायचा प्रयत्न करत होती. डॉक्टरीण दारात बघून ती एकदम उभी राहिली.

"मॅडम! तुमी? काही चुकलं का माझं? व्यायाम रोज करायले मी."

"काही चुकलं नाही. बस तू." जयमालाबाई पत्र्याच्या पेटीवर बसल्या. काय बोलायचं हे गाडीत ठरवलं होतं, ते आता आठवेना. सरळच म्हणाल्या, "निशिगंधा, तू ज्या प्रेसवर काम करत होतीस, त्याचा सेन्सर बंद ठेवलेला होता. मुद्दाम. मला कालच कळलं."

निशिगंधानं त्यांच्याकडे पाहिलं. तिला धक्का वगैरे काही बसला नाही.

"व्हय, म्हाईत हाय की," ती म्हणाली. "समद्यांना म्हाईत हाय. पहिल्याच दिवशी सांगत्यात, हात जपून घाला, सेन्सर चालू न्हाई म्हणून."

"आणि तुम्ही काम करता?"

"भ्याव वाटतं पहिल्यांदा. मग सुपरवायझर सांगतो, घाबरू नका, काही झालं तर हाताच्या मॅडम हायेत आपल्या. तुमचा फोटू लावलाय ना तिथं, मशीनीजवळ."

"माझा फोटो?"

"मोठा हाय. तुमी हसायल्या त्यात. समदेजण शिफ्टला उभं राहायच्या आधी हात जोडतेत तुमाला." निशिगंधा जराशी लाजली. "मी बी जोडायची. त्या दिवशी गडबडीत राहिलं."

जयमालाबाईंना तिथून उठता येईना. निशिगंधानं पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं, आणि रिकामा पेला हातात धरून बराच वेळ बसून राहिल्या. शेवटी निशिगंधाच त्यांना विचारू लागली, "मॅडम, बरं वाटत न्हाई का तुमाला?"

सोमवारी सकाळी ओपीडी बंद ठेवून त्या चाकणला रणजीतच्या कारखान्यात गेल्या. रणजीतला वाटलं, राग शांत झाला असावा. त्यानं आदरानं स्वागत केलं, हेल्मेट दिलं, स्वतः आत घेऊन गेला. प्रेसची लाइन सुरू होती. धाड, धाड, धाड. दर धाडीला पायाखालची जमीन हलायची. ओळीनं उभी असलेली तरुण मुलं-मुली हात आत घालत होती, बाहेर काढत होती, घालत होती, काढत होती. जयमालाबाईंनी हजारो हात पाहिले होते, पण नेहमी तुटल्यानंतरचे. तुटायच्या आधीचे, असे चपळ, धडधाकट, त्या लोखंडाच्या जबड्यात जाऊन परत येणारे हात त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

खांबावर तो फोटो होता. सत्काराच्या दिवशीचा, मोतिया रंगाच्या साडीतला. खाली हॉस्पिटलचं नाव आणि 'तुमचे हात, आमची जबाबदारी'. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली तेव्हा घातलेला झेंडूचा हार वाळून अजून फोटोवर लोंबत होता. हळदीकुंकू वाहिलेलं होतं.

त्या पुढे झाल्या आणि फोटो खिळ्यावरून काढला. हाराचा चुरा खाली पडला. जवळच्या दोन पोरांनी काम थांबवून बघितलं.

"मॅडम, काय करताय?" रणजीत धावत आला.

"सेन्सर चालू करा, रणजीत. आत्ता."

"असं नाही होत मॅडम. वरून परवानगी लागते. लाइनचा वेग निम्म्यावर येईल."

"मग मी आज औद्योगिक सुरक्षा खात्याला कळवणार आहे. आणि इथून पुढे माझ्याकडे येणारा प्रत्येक अपघात मी स्वतः पोलिसांना कळवणार. जिथं झाला, जसा झाला, तसाच."

रणजीत त्यांच्या वाटेत उभा राहिला. "तुम्ही वर्गातलं बोलणं बाहेर नेणार? मी विश्वासानं बोललो होतो राव!"

"वर्गातलं नाही. हे मी आत्ता माझ्या डोळ्यांनी बघतेय."

"आपण मित्र आहोत ना?"

"म्हणून तर आधी तुम्हाला सांगतेय."

रणजीत आवाज खाली आणून म्हणाला, "लाइन बंद झाली तर सगळ्यात आधी ही कॉन्ट्रॅक्टची पोरं घरी जातील. माझं काही व्हायचं ते होवो. पण यांना कुणी विचारलंय?"

त्या फोटो घेऊन बाहेर पडल्या. त्याच दुपारी त्यांनी तक्रार दिली.

घरी सुजितनं आकाशपाताळ एक केलं. कंपन्यांचे फोन सुरू झाले, टाय-अप एकामागून एक तुटू लागले. "दादानं उभं केलेलं हॉस्पिटल तुम्ही बुडवताय," तो आईसमोर ओरडला. "आई, तू सांग यांना. जागा तुझी आहे."

आक्काबाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जागा माजी हाय, व्हय. म्या ती हात नीट करायला दिली व्हती. तुला नगं वाटत आसंल तर तू मारुंजीला आपल्या भाड्यानं दिलेल्या खोल्या हायेत, त्यांचं भाडं गोळा करायचं बघ. हितलं ती सांगंल तसं व्हईल."

सुजित त्या दिवसापासून मारुंजीला जाऊ लागला. वहिनीशी बोलणं त्यानं जवळजवळ सोडलंच. जेवायला बसला तरी मीठ आईकडेच मागायचा.

सुरक्षा खात्याची माणसं आली. रणजीतच्या कारखान्यातली प्रेसची लाइन बंद करून सील लावलं गेलं. जयमालाबाईंना त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली. पण सकाळी निशिगंधाचा फोन आला.

"मॅडम, काम गेलं. माझं तर गेलंच, माझ्या नवऱ्याचं बी गेलं. ते बी त्याच लाइनवर व्हते. चाळीतल्या पंधरा-वीस जणांचं गेलंय. तुमी केलं म्हणत्यात, खरं हाय का?"

"खरं आहे," जयमालाबाई म्हणाल्या. "निशिगंधा, तिथं रोज कुणाचा तरी हात..."

"म्हाईत हाय मला. माझाच गेला व्हता." तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते ऐकणं अधिक जड गेलं. "तुमी त्या दिवशी माझ्या खोलीत तासभर बसलाव, मॅडम. पाणी पिलाव. तवा एकदा विचारायचं व्हतं. असं असं करू का म्हणून. मी हो म्हटलं असतं का न्हाई, मला बी ठाऊक न्हाई. पण विचारायचं व्हतं."

तिनं फोन ठेवला. आधी त्या माणसांना विचारायला हवं, हे जयमालाबाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. रणजीतनं तेच म्हटलं होतं, पण ते त्यांना त्याचा बचाव वाटला होता.

त्यांनी मग काय काय केलं ते थोडक्यात सांगायचं तर, कुरुळीत जाऊन त्या चाळीतल्या सगळ्यांपुढे बसल्या आणि बोलणी खाल्ली. कामगार खात्यात खेटे घालून लाइन बंद असल्याच्या काळातला पगार सर्वांना मिळावा म्हणून भांडल्या. काहींना मिळाला, काहींना नाही. काही कुटुंबं गावी निघून गेली ती परत आली नाहीत. दोन महिन्यांनी सेन्सर चालू करून लाइन पुन्हा सुरू झाली. माल पूर्वीपेक्षा कमी निघत होता, पण निघत होता.

रणजीतची बदली गुजरातच्या प्लांटला झाली. जायच्या आदल्या शनिवारी तो वर्गात आला होता. शेजारी बसला नाही. निघताना मात्र जवळ येऊन म्हणाला, "आईचं मनगट पुन्हा दुखतंय. तिला तुमच्याकडे पाठवू का?"

"पाठवा की," त्या म्हणाल्या. "विचारायचं काय त्यात?"

त्यानं मान हलवली.

जयमालाबाईंनी एमबीए सोडलं नाही. आता हॉस्पिटलचा कारभार त्यांनाच बघायचा होता. पेशंट कमी झाले होते, वरच्या एका मजल्याला कुलूप लागलं होतं, आणि पगाराच्या तारखेला त्यांचा रक्तदाब वाढायचा. ज्या कंपन्यांनी टाय-अप तोडले तिथली माणसं कुठं जात होती, त्यांची बोटं जोडली जात होती की छाटली जात होती, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. सुजितचा तो प्रश्न अजून तसाच होता.

उन्हाळ्यात एका दुपारी निशिगंधा ओपीडीत आली. बोलावलं नव्हतं, आपणहून आली. अंगठा वळवून दाखवला. पूर्ण मूठ होत नव्हती, पण सुई धरता येत होती.

"काम लागलं मॅडम," ती म्हणाली. "खालुंब्र्याकडं. प्रेसवरच."

जयमालाबाईंनी तिचा हात सोडला. "पुन्हा प्रेसवर? सेन्सर..."

"हाय. म्या पहिल्या दिवशीच म्हटलं, आधी दाखवा. सुपरवायझर चिडला. मी म्हटलं, दाखवा. मग त्यानं एक काठी आत धरली. थांबली मशीन."

"शाब्बास!" जयमालाबाई खुर्चीत मागे टेकल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांना मोकळं हसू आलं. मग हसता हसताच त्यांनी विचारलं, "आणि नसती थांबली तर?"

निशिगंधानं ओढणी सारखी केली. प्रश्न तिला जरा विचित्र वाटला असावा.

"तर काय मॅडम," ती म्हणाली, "हात जपून काम केलं असतं."

जयमालाबाईंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. बाहेर नर्सनं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. निशिगंधा नमस्कार करून निघाली, आणि ती दारातून बाहेर जाईपर्यंत त्या तिच्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या.